पंख मिटलेला सरडा

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगमध्ये मला सांभाळलं ते ताईने. ती पुण्याची, युनिव्हर्सिटीत सरड्यांवर पीएच.डी. करणारी, माझ्याहून दोन वर्षांनी लहानच. पण एवढी शिकलेली, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. आपली मुलं विमानं भरभरून इकडे शिकायला येत होती, ती वर्षं. नवरा अकाउंटिंगच्या कोर्सला, मी त्याच्या व्हिसावर, आणि ताई आमच्याच घरात शेजारच्या खोलीत. तिच्या लॅबच्या सफाईची शिफ्ट तिनेच मला मिळवून दिली. मॅनेजरने विचारलं, इंग्रजी वाचता येतं ना? मी "येस, येस" म्हणाले. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. नववीत, आई गेली त्या वर्षी, माझी शाळा सुटली होती, हे तिला ठाऊक होतं.

एका आर्वोला, म्हणजे इकडच्या भाषेत दुपारी, शिफ्टला गेले तर टेबलावर मेणाच्या ट्रेमध्ये एक मेलेला सरडा. अंगाखालून दोन्ही बाजूंना कातडीचे पंख ताणलेले, कडेने टाचण्याच टाचण्या. कुठल्याशा बेटावरच्या जंगलात हे सरडे असे पंख पसरून झाडावरून झाडावर तरंगत जातात, एवढं ताईकडून ऐकलं होतं. शेजारी एक चिठ्ठी होती. धावत्या अक्षरातलं इंग्रजी मी तेव्हा सोडूनच द्यायचे.

मला त्याच्याकडे बघवेना. आमच्याकडे माणूस गेलं की अंग ताठायच्या आत हातपाय सरळ करतात. आईचे मीच केले होते. हातात ग्लोव्हज होतेच. मी टाचण्या काढल्या, पंख अंगाशी मिटले, पाय सरळ केले. टाचण्या कडेला ओळीने खोचून ठेवल्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गेले तर ताईचे सर ट्रेपाशी उभे. चेहरा लाल. ताईने मला मराठीत विचारलं, "काल तू इथलं काही हलवलंस का ग?"

"नाही ताई. मी फक्त फरशी पुसली."

तिने टाचण्यांची ती ओळ पाहिली. मग सरांकडे वळून इंग्रजीत सांगितलं की घाईत तिच्याकडूनच टाचण्या नीट बसल्या नाहीत. तेवढं इंग्रजी मला कळत होतं. सर तिला खूप बोलले. मी मॉप पिळत राहिले.

घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "टिकवायला त्याला औषध टोचलेलं असतं, ते रात्रीत मुरलं की अंग आहे तसं घट्ट होतं. आता पंख उघडायला गेलं तर फाटतील. आणि त्याची जात ठरायची ती पंखांवरच्या पट्ट्यांवरून. तसा एकच आला होता. अगं, पंख मिटलेस कशाला?"

"कोणी मिटले?" मी म्हणाले.

ती हसली. "बरं. कंटाळून त्यानेच मिटले असतील."

पुढच्या रविवारपासून ती मला हाताने लिहिलेलं इंग्रजी वाचायला शिकवू लागली. किराण्याच्या याद्या, लॅबमधल्या चिठ्ठ्या, काय हाताला येईल ते. तिच्या प्रबंधातलं त्या सरड्याचं प्रकरण अडकलं आणि ती ठरल्यापेक्षा वर्षभर जास्त राहिली. घरच्यांना फोनवर ती सांगायची, "माझीच चूक झाली, आई." मी पलीकडे पोळ्या लाटत असायचे.

तो सरडा बरणीत गेला. मला वाचता येऊ लागल्यावर बरणीवरची चिठ्ठी मी एकदा लावून लावून वाचली: पंख उघडलेले नाहीत, आणि खाली तयार करणारीचं नाव. ताईचं. त्यानंतर ते फडताळ पुसताना मी चिठ्ठीकडे न बघता त्या बरणीच्या मागूनच फडकं फिरवायचे.

ताई आता दुसऱ्या देशात आहे. फोन होतो, मुलांची चौकशी होते, आणि ती एक गोष्ट सोडून सगळं बोलणं होतं. ताई, त्या सरांना मी एक दिवस पत्र लिहीन. इंग्रजीत, माझ्या हाताने, कोणाकडून तपासून न घेता. टाचण्या मी काढल्या होत्या आणि खोटंही मीच बोलले होते, असं लिहीन, आणि पाठवायच्या आधी ते तुला फोनवर वाचून दाखवीन.