हेगला गेलेली केस

"मॅडम, तुमची केस तर हेगला गेलीय. मग आमच्याकडे कशाला आलात?"

उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातले अधिकारी हे अगदी शांतपणे बोलले. चेष्टा करत नव्हते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर एका बॅनरचा फोटो होता. मधोमध तराजू. बाजूला बदलापूरचे एक भाऊ हात जोडून उभे, माणसाच्या उंचीएवढे. वर मोठ्या अक्षरांत 'रोशनच्या न्यायासाठी थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात धडक'. खुद्द रोशन खाली कोपऱ्यात होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

माझ्या शेजारी रोशनची आई बसली होती, मंगलामावशी. त्यांनी तो फोटो नीट पाहिला आणि मला विचारलं, "ताय, हेग कुठं आला? कल्याणच्या पुढं?"

"खूप पुढे, मावशी."

"मंग हे साहेब तिथं जातील का आपण जायाचं?"

साहेबांनी मोबाइल खिशात घातला. "गुन्हा परदेशात, केस परदेशात. आम्ही मध्ये पडलो तर उद्या आम्हालाच विचारतील." आणि ते चहा सांगायला उठले.

रोशन बारवी धरणाजवळच्या एका पाड्यावरचा. आयटीआय करून बदलापूरच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागला होता. उल्हासनगरात व्हिसा-तिकिटांचं ऑफिस चालवणाऱ्या एका एजंटने त्याला थायलंडमधली कॉम्प्युटरची नोकरी दाखवली. विमान थायलंडलाच उतरलं. पण तिथून त्याला गाडीत घालून, नदी ओलांडून म्यानमारमध्ये नेलं. उंच भिंतींचं आवार, दारावर बंदूकवाले. पासपोर्ट काढून घेतला. काम एकच, दिवसभर मोबाइलवरून जगभरच्या लोकांना गोड बोलून फसवायचं. टार्गेट झालं नाही की मार, नाहीतर विजेचे झटके.

कुणाच्या तरी फोनवरून त्याने आईला एक व्हॉइस मेसेज पाठवला होता. आवाज दबका. "आये, एजंटला धर. इथल्या मालकाशी तोच बोलतो. बाकी कोणाला माझा पत्ता नाय माहीत."

आमच्याकडे असलेला एकुलता एक धागा हा. एजंट पळाला की धागा तुटला. आणि एजंट त्या वेळी उल्हासनगरातच, आपल्या एसी ऑफिसात, पुढच्या मुलांना नोकऱ्या दाखवत बसला होता. त्याला धरायला पोलीस ठाण्यापासून रिक्षासुद्धा लागली नसती.

पण मावशी माझ्याकडे, म्हणजे वकिलाकडे, येण्याआधी बॅनरवरच्या त्या भाऊंकडे गेल्या होत्या. भाऊ एक मंच चालवतात. निवेदन देणं हा त्यांचा धंदा म्हणा, व्यासंग म्हणा. निवेदन म्हणजे मागण्यांचा कागद. तो अधिकाऱ्याच्या हातात देताना सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं असतं. अधिकाऱ्याने कागदाकडे नाही बघितलं तरी चालतं. तहसीलदार, प्रांत, कलेक्टर अशा सगळ्यांच्या हातात देऊन झालं होतं. नवीन हात हवा होता, आणि मिळाला तो थेट नेदरलँड्सचा.

मी भाऊंच्या ऑफिसात गेले. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. लॅमिनेट केलेला एक इंग्रजी कागद फ्रेममध्ये लटकत होता.

"वाचा ताई. हेगने दखल घेतली."

मी वाचलं. आपला ईमेल मिळाला, आभारी आहोत, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. मशीनने आपोआप पाठवलेलं उत्तर होतं ते.

"भाऊ, हा ऑटो-रिप्लाय आहे."

"पण आला ना? इथे कलेक्टर तेवढाही पाठवत नाही."

"आणि हे कोर्टही वेगळं आहे. तिथे फक्त देश विरुद्ध देश भांडतात. मंगलामावशी म्हणजे देश नाहीत."

भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ताई, तुम्ही लोकल लेव्हलला विचार करता. हा इश्यू ग्लोबल आहे. एजंट काय, छोटा मासा. त्याच्यावर एफआयआर करून काय फोटो येणार?"

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं असं मला वाटलं. पण नाही, ते अगदी मनापासून बोलत होते.

मला याची चीड का आली, ते सांगते. माझे वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर होते. घराण्यातली पहिली पदवी माझी, वकिलीची, आणि तीही संध्याकाळच्या कॉलेजातून. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर इंग्रजी पुस्तकातून मला झेपत नव्हता. आमचे सर तास संपल्यावर थांबायचे आणि एकेक कलम मराठीत समजावून द्यायचे. एका वस्तीतल्या मुलीला त्यांनी हे ज्ञान फुकट दिलं. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. म्हणून त्या कोर्टाची टिंगल मी कधी केली नाही. त्याचं नाव बॅनरच्या मापात कापून वापरणाऱ्यांची मात्र करते.

सरांनी शिकवलं होतं ते असं. हेगमध्ये दोन मोठी कोर्टं आहेत. एकात देशांचे वाद चालतात. दुसऱ्यात माणसांवर खटले चालतात, पण चारच प्रकारच्या गुन्ह्यांचे: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि दुसऱ्या देशावर आक्रमण. गुलामगिरी यातल्या दुसऱ्या प्रकारात बसू शकते, हे मी भाऊंच्या बाजूने मान्य करते. पण ती मोठ्या प्रमाणावर आणि पद्धतशीर झालेली असावी लागते. शिवाय या दुसऱ्या कोर्टाचा सदस्य भारतही नाही आणि म्यानमारही नाही. अशा वेळी तिथपर्यंत हात पोहोचायला मोठ्या खटपटी लागतात. कुणीही उठून तिथे केस टाकू शकत नाही, फक्त तिथल्या सरकारी वकिलाला माहिती कळवू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ते कोर्ट शेवटचं दार आहे. ज्या देशाचं काम आहे त्याने ते केलं नाही किंवा त्याला ते करताच आलं नाही, तरच ते दार उघडतं. आधी आपल्या गावच्या पोलिसांनी पेन उचलायचं असतं.

आपल्या कायद्यातही हे स्वच्छ आहे. गुन्ह्याचा काही भाग जिथे घडला, तिथल्या पोलिसांना तपास करता येतो. खोटं आश्वासन उल्हासनगरात दिलं. पासपोर्टची झेरॉक्स उल्हासनगरात घेतली. रोशनला विमानतळावर नेणारी गाडी उल्हासनगरातून सुटली. आणखी काय घडायला हवं होतं?

आम्ही डीसीपी ऑफिसला लेखी तक्रार दिली. तिथून तो कागद 'योग्य कार्यवाहीसाठी' त्याच पोलीस ठाण्यात परत आला. मग मी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. पोलीस एफआयआर घेत नसतील तर कोर्ट त्यांना तपासाचा आदेश देऊ शकतं. त्याआधी पोलिसांचं म्हणणं मागवतात. आमच्या कोर्टात त्याला 'से' म्हणतात.

पोलिसांचा से आला. त्यात लिहिलं होतं: 'सदर प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालय, हेग येथे न्यायप्रविष्ट असल्याचे समजते. सबब इकडून कार्यवाही करणे उचित होणार नाही.' सोबत पुरावा जोडला होता. बॅनरचा रंगीत प्रिंटआउट.

न्यायाधीशांनी तो कागद दोनदा उलटसुलट केला. चष्मा काढून पुसला. मग पोलीस अधिकाऱ्यांना विचारलं, "हेगच्या केसचा नंबर काय?"

"साहेब, बॅनरवर नंबर नाही."

"तारीख कधीची आहे?"

"ती... मंचाला विचारून सांगतो, साहेब."

"स्टे दिलाय का हेगने तुम्हाला?"

अधिकारी सरकारी वकिलांकडे बघू लागले. सरकारी वकील खिडकीबाहेर बघू लागले. मागच्या बाकावरचे वकील तोंडावर फाइल धरून खोकत होते.

"उद्या कुणी बॅनर लावला, की हे कोर्ट बंद झालं," न्यायाधीश म्हणाले, "तर मी घरी जाऊ का?"

मंगलामावशी माझ्या कानाशी लागल्या. "ताय, हे मोठे साहेब हेगचे का?"

"नाही मावशी, आपलेच."

"मंग बरं हाये."

त्याच दुपारी आदेश झाला. संध्याकाळी एफआयआर झाला. दुसऱ्या दिवशी एजंटला त्याच्या ऑफिसातून उचललं. त्याने बॅगा भरायला घेतल्या होत्या, हे पोलिसांनीच मला नंतर सांगितलं, आणि ते अशा कौतुकाने सांगितलं की जणू धावतपळत जाऊन पकडायची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. एजंटच्या फोनमध्ये त्या आवाराचं लोकेशन होतं, मालकाचा नंबर होता. ती माहिती दूतावासाकडे गेली. पुढे महिने लागले. मावशी दर सोमवारी कोर्टाच्या आवारात येऊन बसायच्या. मी नको म्हटलं तरी यायच्या. शेवटी थायलंडमार्गे जी माणसं परत आणली, त्यात रोशन होता. उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत. बाकी जिवंत आहे. एजंटवरचा खटला उल्हासनगरातच चालू आहे. रोशनची साक्ष अजून व्हायची आहे.

रोशन आला त्या आठवड्यात बदलापूर स्टेशनबाहेर नवा बॅनर लागला. 'हेगच्या दणक्याने रोशन मायदेशी'. भाऊंनी मला सत्काराला बोलावलं. शाल घ्या म्हणाले. मी म्हटलं, तारीख आहे. खरोखरच होती.

मध्ये मी पाड्यावर गेले होते, रोशनची साक्ष तयार करायला. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. गोठ्यावर फ्लेक्स घातलेला होता. आतून वर पाहिलं तर भाऊ म्हशीकडे बघत हात जोडून उभे होते.

"सत्कार झाल्यावर मागून आणला," मावशी म्हणाल्या. "जाड हाये. पाणी नाय गळत."

हल्ली माझ्या ऑफिसात कुणी आलं आणि म्हणालं, की अमुक भाऊ आमची केस हेगला नेणार आहेत, तर मी नाही म्हणत नाही. मी सांगते, आधी त्यांना तुमच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत घेऊन जा. तिथपर्यंत आले, तर हेगचं पुढे बघू.

अजून कुठलेही भाऊ तिथपर्यंत आलेले नाहीत.