तिसऱ्या कक्षेतला नववा

दुपारी जेवून मी आडवी होते. रस्त्यावरचा भंगारवाला ओरडत लांब जातो, त्याचा आवाज पातळ होत होत संपतो आणि तिथे खडूचा आवाज सुरू होतो. सोहनी सर फळ्यावर लिहिताहेत. सरांना जाऊन आज सोळा दिवस झाले हे मला ठाऊक आहे, तरी भीती वाटत नाही.

सर तिशीतले आहेत, माझ्या थोरल्या मुलापेक्षाही लहान. मी मात्र आहे तशीच, पांढऱ्या केसांची, नववीच्या बाकावर गुडघे कसेबसे दुमडून बसलेली. सर पोटॅशियमचा अणू काढताहेत. मधे केंद्रक, भोवती कक्षा. पहिल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, दुसरीत आठ, तिसरीत नऊ.

हे खरंच घडलं होतं. तिसऱ्या कक्षेत अठरापर्यंत मावतात, म्हणून सरांनी उरलेले नऊही तिथेच बसवले. मी उठून म्हणाले होते की सगळ्यात बाहेरच्या कक्षेत आठाहून जास्त राहत नाहीत, नववा चौथीत हवा. वर्ग हसला. सरांनी पुस्तक उघडून पाहिलं, नववा पुसला आणि मला शाबासकी दिली. त्या शाबासकीवर मी महिनाभर तरंगत होते.

वर्ष संपलं, विषय निवडायची वेळ आली, आणि आप्पांनी माझ्या अर्जावर रसायनाच्या जागी, तेव्हा बहुतेक मुली घ्यायच्या ते आरोग्यशास्त्र लिहिलं. आप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते, रोज औषधं मिसळायचे, आणि मुलीला मात्र ते नको. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी सरळ बोलले नाही. ते गेले तेव्हाही उशाशी बसले नाही, पायथ्याशी उभी राहिले.

परवा सोहनीकाकूंना भेटायला गेले, तर त्या कौतुकाने सांगत होत्या की ह्यांनीच दवाखान्यात जाऊन तुझ्या आप्पांना समजावलं, पोरीला विज्ञान देऊ नका म्हणून. बघ, संसार कसा छान झाला तुझा. मी चहा संपवला आणि घरी आले.

बाक आता आमचा ओटा आहे. सर फ्रिजच्या दारावर काढताहेत, गॅसवर दूध आहे.

"सर, आप्पांना तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"का?"

सर हाताला लागलेला खडू झटकतात. "चाळीस पोरं हसली होती, मालती. तू घरी जाऊन विसरलीस. मी नाही विसरलो."

सर खडू माझ्यापुढे धरतात. "असं कर, तू काढ. तिसरीत नऊच ठेव. मग मी आप्पांकडे जातच नाही."

नऊ चूक आहे हे मला माहीत आहे. पण आप्पांच्या उशाशी बसायला मिळेल, एवढंच मनात येतं. मी ठिपके देते. आठ नीट बसतात. नवव्याला जागा नाही, तो दोघांच्या मधे दाबून बसवावा लागतो.

फिनेलचा वास येतो. दवाखान्याच्या खिडकीमागे आप्पा बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवताहेत. समोर सर उभे आहेत.

"मुलगी हुशार आहे हो," सर म्हणतात. "पण विज्ञान तिला झेपायचं नाही."

आप्पांचा हात थांबतो. "सर, तिची फार इच्छा आहे. एकदा बघा ना."

"तिच्या भल्याचंच सांगतोय."

मी दारातून सांगते की मी नऊ ठेवलेत, तुम्ही म्हणालात तसेच ठेवलेत. सर वळत नाहीत. आप्पांना ऐकू येत नाही. ते सरांकडे बघतात, देवळात बघावं तसं, आणि म्हणतात, "तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार."

डोळे उघडतात. चार वाजलेत. उजव्या हाताचं बोट झोंबतंय. नख तुटलंय आणि आत चुना भरलाय. पलंगाशेजारच्या भिंतीवर वेडीवाकडी वर्तुळं ओरखडली आहेत. मी उठून बसते आणि ठिपके मोजते. दोन. आठ. नऊ.

बोट ओलं करून मी नववा पुसू पाहते. बाकीचे नुसते ओरखडे आहेत. ह्याच्यापाशी मात्र गिलावाच निघून आलाय.