गाडीपाशी थांबलेला माणूस

मी मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे हेल्मेट घातलं नाही म्हणून दिवसभर लोकांच्या अंगावर ओरडायचं आणि फॉर्म भरायचे. सुट्टीतही ही खोड सुटत नाही. मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही चौघांनी इब्रीच्या बाजूला डोंगरातल्या एका अरुंद वादीत चालायला जायचं ठरवलं, तेव्हा आठवडाभर आधीच मी प्लॅन कागदावर उतरवला. "साहेब, पिकनिकला पण परमिट लागणार काय?" म्हणून बाकीचे हसले. हसा लेको, म्हटलं.

वादी म्हणजे कोरडी नदी. दोन्ही अंगांना उभे कडे, पळायला जागा नाही. लांब वरती पाऊस पडला तर इथे निळ्याभोर आकाशाखाली लोंढा येतो, म्हणून मी वरच्या डोंगरांचं हवामान बघितलं. माणशी पाच लिटर पाणी. पहाटे निघायचं, उजाडताच आत शिरायचं, ऊन तापायच्या आत अकराला बाहेर. आत फोन लागत नाही, तेव्हा एकाने गाडीपाशी थांबायचं. एक वाजेपर्यंत आम्ही आलो नाही तर त्याने मागच्या गावात जाऊन पोलिसांना कळवायचं. शेवटचा रकाना होता, घरी कळवलं का? चौघांच्या नावांपुढे मी एका दमात टिक मारली. कोणाला विचारलं नाही. साइटवर अशीच मारतो.

गाडीपाशी ठेवला माझ्या खोलीतल्या सोबत्याला. गुहागरकडचा एसी मेकॅनिक, गुडघा दुखायचा त्याचा. "एवढ्या लांब आणून मला वॉचमन केलात होय?" म्हणून कुरकुरला. मी म्हटलं, "गप रे, सगळ्यात सुखात तूच राहशील." हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एकाला साधं खरचटलंसुद्धा नाही. पावणेअकराला बाहेर आलो, मी तर छाती फुगवून. गाडी जागेवर होती, खिडक्या उघड्या, सीटवर त्याचा पाण्याचा कॅन. तो नव्हता. आडोशाला गेला असेल म्हणून थोडं थांबलो, मग हाका मारल्या, मग शिव्या घालत हाका मारल्या.

अर्ध्या तासाने तो एका कड्याच्या पायथ्याशी सापडला. गाडीपाशीही नेटवर्क नव्हतं. ते शोधत तो कातळावर चढला होता आणि पायाखालचा दगड सुटला होता. फोन हातातच होता, काच तडकलेली. घरचा नंबर सहा वेळा लावलेला, एकदाही लागला नव्हता. शुक्रवारी साडेदहाला, तिकडच्या बाराला, मुलीशी बोलायचा त्याचा नेम. तो चुकला की बायको घाबरते. हे मला ठाऊक होतं हो! चार वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही. पाण्याचे लिटर मोजले, आणि हे सुचलं नाही.

श्वास चालू होता. आम्ही त्याला उचलून गाडीत घातला, मी डोकं मांडीवर घेऊन मागे बसलो. "आलंच हॉस्पिटल, आलंच," असं बडबडत होतो. रस्ता काही संपेना. वाटेतच तो गेला.

हॉस्पिटलमधून त्याच्या घरी फोन मी लावला. दुसरं कोण लावणार? वहिनींनी पहिल्या रिंगला उचलला.

"भावोजी, तुम्ही? ह्यांची ड्युटी संपली का? ओव्हरटाइम आहे, पण बाराला करतो म्हणाले होते. पोरगी जेवायची थांबलीय."

ड्युटी! काळजी नको म्हणून इथला प्रत्येक जण घरी हेच सांगतो. मीही त्या सकाळी बायकोला तेच सांगून निघालो होतो.

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी सांगताय. हे डोंगरात कशाला जातील? कामावर आहेत ते. माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत."

आणि फोन ठेवला. मी भिंतीला टेकून उभा होतो, तेवढ्यात माझ्या खिशातला त्याचा फोन वाजायला लागला.

वाजून थांबला. परत वाजला. मला तो उचलता आला नाही.