आखूड केलेली दुनळी

माझी दुसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका छावणीत, हत्यारांच्या वर्कशॉपमध्ये होती. युनिटांकडून रायफली, पिस्तुलं, मशीनगन दुरुस्तीला यायच्या. आम्ही त्या उघडायचो, झिजलेले भाग बदलायचो, रेंजवर चालवून बघायचो आणि परत पाठवायचो. मी कॅप्टन होते. वर्कशॉपमध्ये बाई मी एकटीच. मला बोलणं कमी जमतं, पण हत्यारासमोर फार बोलावं लागत नाही.

तिथला एक नियम सांगायला हवा. कुणी 'हत्यार रिकामं आहे' म्हणालं, तर त्याच्या शब्दावर ते घ्यायचं नाही. हातात आलं की उघडायचं, आत बघायचं, अंधार असेल तर बोट घालून बघायचं. देणारा कर्नल असला तरी. यात कुणाचा अपमान होत नाही.

हवालदार आनंदा मोहिते माझ्या सेक्शनमध्ये होता. सांगलीपासून तासाभरावर उसाच्या मळ्यात त्याची वस्ती. मी सांगलीतल्या विश्रामबागची. हे कळल्यावर त्याने पहिल्याच दिवशी हिंदी सोडून दिली.

"मॅडम, तुमी सांगलीच्या आन् मराठी पुण्याची?"

"इंग्रजी शाळेत होते. जेवढी शिकवली तेवढीच येते."

"मग शाळेनं लय फशिवलं तुमास्नी."

तो असाच बोलायचा. काम मात्र चोख. परेडवर त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा. जवान म्हणायचे, मोहित्याने 'सावधान' म्हटलं की झाडावरचे कावळेही ताठ होतात.

एका सप्टेंबरात त्याच्या शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला. वस्ती म्हणजे गावाबाहेर, शेतातच बांधलेलं घर. शेजारच्या घरी हाक पोचत नाही, आणि ऊस वाढला की ते घर दिसतही नाही. चोरांनी म्हाताऱ्याचा हात मोडला, सुनेच्या अंगावरचे दागिने ओरबाडून नेले. आनंदाच्या घरी त्याची बायको सुरेखा आणि वडील, दोघंच. वडील म्हणजे नाईक गणपत मोहिते, पायदळातून निवृत्त. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याकडे लायसन्सची बारा बोअरची दुनळी होती. पूर्वी पिकातल्या रानडुकरांसाठी घेतलेली.

दरोड्यानंतर काही दिवसांनी आनंदा दुपारी माझ्या टेबलापाशी आला. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, आबा ऐकत न्हाईत. तुमीच सांगा."

"जय हिंद, कॅप्टन साहेब," फोनमधून आवाज आला.

"जय हिंद, आबा."

"एक शंका हाय. बंदूक लय लांब हाय. खोलीत वळवाय गेलं की दाराला आडती, कपाटाला आडती. नळी आर्धी केली तर?"

"करू नका."

"का?"

"नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. बंदुकीचं लायसन्स असलं तरी. तुरुंग होऊ शकतो."

"आन् चोराला कायदा न्हाई व्हय?"

"त्यालाही आहे. पण त्याला पेन्शन नाही."

आबा मोठ्याने हसले. "बरूबर बोलली पोरगी!"

"आबा! साहेब हायत त्या," आनंदा ओरडला.

मग मी त्यांना दुसरी बाजू सांगितली. लोकांना वाटतं, आखूड बंदुकीचे छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावा लागत नाही. तसं होत नाही. घरातल्या घरात अंतरच एवढं कमी असतं, की छर्रे मूठभर जागेतच लागतात. नेम धरावाच लागतो, आणि आखूड नळीवर तो नीट बसत नाही. धक्का वाढतो, जाळ डोळ्यांपुढे येतो, बंद खोलीत कान बसतात. शिवाय हात आणि नळीचं तोंड जवळ येतं. त्यापेक्षा दाराला लोखंडी जाळी लावा, अंगणात दिवा ठेवा. कुणी आलं तर दोघं एका खोलीत कडी लावून बसा आणि एकशे बाराला फोन करा. चोर शोधत घरभर हिंडू नका. तो पळत असेल तर पाठीमागून बार टाकू नका, तो बचाव राहत नाही.

"समजलं, आबा?"

"समजलं, साहेब. ओव्हर अँड आउट."

आनंदा फोन खिशात घालत म्हणाला, "आबांनी पयल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं."

दसऱ्याला मी सुट्टीवर सांगलीला होते. आनंदाही सुट्टीवर होता. खंडेनवमीला घरी जेवायला यायचं, असा त्याने हट्टच धरला. मी वडिलांची गाडी घेऊन सकाळी निघाले. दोन्ही बाजूंना ऊस डोक्यावर गेलेला.

अंगणात सिमेंटचा कोबा होता. कडेला ट्रॅक्टर धुऊन उभा केलेला, त्याला झेंडूचा हार. पाटावर कोयते, खुरपी, पाना, औषध फवारायचा पंप मांडलेला. शेजारच्या वस्तीवरच्या चार बायका आलेल्या. पूजा होऊन गेली होती. पाटाच्या मधोमध दुनळी होती.

मी पाटापाशी थांबले. नळ्या जेमतेम दीड वीत उरल्या होत्या. कापलेली कड कानशीने घासलेली, तरी एका बाजूला तिरकी. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं.

आनंदा खाली बघत होता. "काल घरी आल्यावर दिसली, मॅडम."

"आबा, ही कधी कापली?"

"तुमच्या फोनच्या आदी."

"मग मला विचारलं कशाला?"

"चुकलं का बरूबर, ते बघाय नको व्हय?" आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत पकडलेल्या मुलासारखं हसू होतं.

बंदूक जुनी होती. तिचे घोडे बाहेरच्या बाजूला होते. अशा बंदुकीत खाली सोडलेला घोडा थेट काडतूस फोडणाऱ्या पिनेवर टेकून असतो. आत काडतूस असेल आणि मागचा लाकडी दस्ता जोरात आपटला, तर चाप न ओढताही बार होऊ शकतो. हे मला माहीत होतं. हेच माझं काम होतं.

"रिकामी आहे ना?" मी विचारलं.

आनंदा ती उघडायला वाकला. आबांनी त्याचं मनगट धरलं.

"पूजा झाल्याय. आज हत्याराला हात न्हाई. उद्या हलवायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रिकामीच हाय, साहेब. मी बी फौजी हाय."

ती रीत मला ठाऊक होती. आमच्या वर्कशॉपमध्येही पूजेनंतर त्या दिवशी हत्यारं हलवत नसत. मी पाहुणी होते, बायका बघत होत्या. मी तिला हात लावला नाही.

पण दुसरं जे सांगायचं ते सांगितलं. ही बंदूक ठाण्यात जमा करावी लागेल. स्वतःहून, वकिलाला घेऊन गेलात तर जरा सोपं जाईल. गुन्हा मात्र दाखल होईल, ते मी लपवणार नाही.

"लायसन जाईल?"

"जाईल."

"मग सूनबाईला राखायचं कुणी? हा तिकडं, मी असा."

"आबा, मी पुढल्या साली पेन्शनीवर येतोय," आनंदा म्हणाला.

"तंवर चोर थांबत्यात व्हय तुझ्यासाठी?"

सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ठीक हाय. दसरा हू द्या. परवा जाऊ ठाण्यात," ते म्हणाले. "म्हंजी तिचा ह्या घरातला ह्यो शेवटचा सण."

आबांनी ऐकलं याचं मला बरं वाटलं होतं. ते लिहायला जड जातं.

जेवणं अंगणातच होती. मला बाजेवर बसवून ताट मांडीवर दिलं. मी पहिला घास घेतला तेव्हा आबा घरातून बाहेर आले. अंगावर काळा कोट, छातीला मेडल्स. ते सरळ पाटाकडे गेले आणि त्यांनी बंदूक उचलली.

"आबा, आज हात लावायचा न्हाई म्हणला न्हवं?" आनंदाने विचारलं.

"गप. निरोप द्यायचाय तिला. आन् साहेब बी हायत."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टाचा जुळल्या. स्वतःच स्वतःला हुकूम दिला.

"सलामी... शस्त्र!"

बंदूक छातीसमोर उभी झाली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हालचाल अजून नेमकी. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सलामी मिळाली की अधिकाऱ्याने उठून सावधान व्हायचं, सलामी स्वीकारायची, मग समोरच्याने हत्यार खाली आणायचं. तोवर तो थांबतो. माझ्या मांडीवर ताट होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला अवघडल्यासारखं झालं. मी अर्धवट उठले आणि म्हणाले, "बसा ना आबा, बसा."

आबा बसले नाहीत. ते थांबून राहिले. बंदूक छातीसमोर तशीच.

आनंदा हसत पुढे आला आणि परेडच्या आवाजात त्याने हुकूम दिला, "बाजू... शस्त्र!"

बाजू शस्त्र म्हणजे दस्ता उजव्या पायाशी जमिनीवर टेकवायचा आणि हात नळीवर वरच्या टोकाशी ठेवायचा. आबांच्या अंगात ते पूर्ण लांबीच्या रायफलीचं होतं. त्यांनी दस्ता खाली सोडला. जिथे नळी असायला हवी होती तिथे ती नव्हती. ती धरायला ते वाकले, आणि तळहात नळीच्या तोंडावर आला. दस्ता कोब्यावर आपटला.

बार झाला.

आधी तळहात, मग छाती. उसातून पाखरं उठली.

"आनंदा, इथे दाब. जोरात. सुरेखा, धुतलेलं लुगडं आण. गाडीचं मागचं दार उघडा." हे मी म्हणाले, असं नंतर बायकांनी सांगितलं. मला फक्त गाडी आठवते. मी चालवत होते. आनंदा मागे आबांना मांडीवर घेऊन बसला होता.

"आबा, बोलू नका. आलीच सांगली."

"साहेब," आबा म्हणाले.

"आहे मी, आबा."

"दुसरी नळी... ती बी भरल्याय. आंगणात माणसं हायत."

आनंदाने एका हाताने फोन लावला. "सुरेखा, बंदुकीजवळ कुणी जायचं न्हाई. कुणी म्हंजी कुणी न्हाई."

"सांगितलं, आबा," तो म्हणाला.

आबांनी मान हलवली. दवाखाना येण्याआधी ते गेले.

पोलिसांना मी सगळं सांगितलं. कापलेली बंदूक, तिचे घोडे, फोनवरचं बोलणं, हुकूम कुणी दिला तेही. ठाण्याच्या साहेबांनी बंदूक सील करून नेली. आता गुन्हा नोंदवायचा तर तो मेलेल्या माणसावर. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, तुमचा काही दोष नाही, मॅडम. माझ्या कमांडिंग ऑफिसरनीही तेच सांगितलं.

दहाव्याला मी वस्तीवर गेले. सुरेखाने पाणी दिलं. मग रिकामं भांडं हातात तसंच धरून बोलली.

"दरोड्यानंतर मीच म्हणलं होतं, आबा भरून ठेवा. त्यांच्या ध्येनात न्हवतं का तुमच्यापुढं कबूल कराय लाज वाटली, देव जाणे."

"मी उघडून बघायला हवी होती."

"व्हय," ती म्हणाली. भांडं खाली ठेवून म्हणाली, "तुमी ठाण्यात द्या म्हणला ते बरूबरच होतं, ताई. पर तुमी म्हणला नसता, तर आबा तिला निरोप द्याय उठलंच नसतं."

मी उठले आणि निघाले.

सुट्टी संपवून आनंदा ड्यूटीवर आला. पहिल्या सोमवारी परेडला नेहमीसारखं त्यालाच पुढे बोलावलं. तो जागेवर आला, स्क्वाडकडे तोंड करून उभा राहिला. आवाज आला नाही.

"मोहिते, गला बैठ गया क्या?" सुबेदार साहेबांनी विचारलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. मराठी बोलला नाही.

"मॅडम, मुझे परेड से हटा दीजिए."

"ठीक आहे."

मी त्याला स्टोअरला लावलं. पेन्शनला जाईपर्यंत त्याने पुन्हा कुणाला परेडचा हुकूम दिला नाही. कारण मी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. आता तो वस्तीवर असतो. दाराला लोखंडी जाळी लावली आहे. माझीही फौजेतली मुदत संपली, मी विश्रामबागला परत आले.

गावच्या वेशीवर युद्धात गेलेल्यांच्या नावांची फरशी आहे. तिच्यावर आबांचं नाव नाही, आणि नियमाने ते येणारही नाही. म्हणून इथे लिहिते. नाईक गणपत मोहिते, पायदळ. डोंगरातल्या आणि वाळवंटातल्या पोस्टिंगमधून धडधाकट घरी आले. शेवटच्या श्वासातही आपल्या मागे अंगणात उरलेल्या माणसांची काळजी केली. शेवटची सलामी मला दिली.

मी ताट बाजूला ठेवून उठले असते, सावधान झाले असते, तरी दस्ता खाली आलाच असता. हे मला समजतं. पण तेव्हा आबांनी तो सवयीने, माझ्याकडे बघून खाली आणला असता. आनंदाला तो हुकूम द्यावा लागला नसता.