पुलाअलीकडचा पत्ता

पुलापलीकडच्या वस्तीत तिला सगळे 'चौकशी' म्हणत. जन्म तिथलाच, मावशीनं वाढवलेली. शिकून पुलाअलीकडे राहायला गेली आणि संशोधक होऊन परत आली ती घरोघर विचारत, कुणाला दम लागतो, कुणाचं काय दुखतं. "आली बघा चौकशी, आजार लपवा!" म्हणत बायका तिला चहा पाजत.

संशोधनाचं नाव भारदस्त होतं, पण तिला हवा होता फक्त वस्तीत एक दवाखाना. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. मोठ्या इस्पितळाच्या नोंदींत ही वस्ती अख्ख्या शहरात सगळ्यात ठणठणीत! कारण तिथं कुणी खरा पत्ता सांगतच नसे. वस्तीचं नाव काढलं की खिडकीतला कारकून नाक मुरडायचा, नर्स लांबून बोलायची आणि नंबर मागे मागे सरकायचा. मग लोक पुलाअलीकडची एखादी गल्ली सांगत, आणि आपली बोली घरीच ठेवून जात. "आजारीच नाहीत तर दवाखाना कुणासाठी?" अधिकारी म्हणायचा. कागदावर त्याचंही चुकत नव्हतं, हाच तर वैताग.

तिनं दारोदार हात जोडले. खरा पत्ता सांगा, नाहीतर आपण मोजलेच जाणार नाही. पहिली मान मावशीनं डोलावली. "माझ्या पोरीचं काम आहे. मी तर छाती ठोकून सांगेन."

एका दुपारी मावशीला धाप लागली. ओठ निळे पडले. चौकशीनं तिला कशीबशी इस्पितळात आणली. खिडकीजवळच्या बाकावर वस्तीतले इस्त्रीवाले काका पोट धरून बसले होते.

"सांगितला बरं का पोरी, खरा पत्ता," काका कौतुकानं म्हणाले.

"कधी आलात?"

"सकाळीच. बोलावतील आता."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून गेले होते.

"पत्ता?" कारकुनानं मान वर न करता विचारलं. मावशीनं श्वास गोळा केला, तोंड उघडलं. चौकशीनं तिचा हात घट्ट दाबला. "मावशी, तू गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस." आणि तिनं आपल्या फ्लॅटचा पत्ता सांगितला, सोसायटीच्या नावासकट.

चाकाची खुर्ची लगेच आली. नर्सनं मावशीला 'आजी' म्हणत अलगद बसवलं. चौकशीला त्या नर्सचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"मग मी तुझ्या कामात धरली जाणार नाही का गं?" मावशीनं धापा टाकत विचारलं.

"नाही, मावशी."

खुर्ची आत गेली, दार लागलं. तिला बाहेरच थांबायला सांगितलं. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्याकडे बघायची तिची छाती होईना. काका मात्र पोट धरूनच थोडे सरकले आणि तिला बसायला बाकावर जागा करून दिली.