चौथ्या घासाला

पहिल्यांदा झालं तेव्हा मी मेथीची भाजी आणि भाकरी खात होतो. तीन घास नीट गेले. चौथ्याला उजवा जबडा असा दमला, की तासभर दातांनी ऊस सोलत बसलोय असं वाटावं. थांबलो. मिनिटभरात बरं वाटलं. पुन्हा चावायला लागलो, पुन्हा तेच. दुखणं दातात नव्हतं, हिरडीतही नव्हतं. कानाच्या पुढं, जबड्याच्या मांसात होतं. चढण चढताना पोटऱ्या भरून येतात तसं. अर्धी भाकरी टोपलीत परत ठेवली आणि ताट उचललं.

समोर खाटेवर बायको बसली होती. तिनं आधी माझ्या ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“दाढ ठणकतीय,” मी म्हणालो.

मी लष्करात ड्रायव्हर होतो. पेन्शनीवर साताऱ्याला आलो आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर बारा वर्षं काढली. तीही नोकरी संपली, आता दोघांनी निवांत राहायचं असं म्हणतोय तोवर वर्षभरात तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. तिला समजायचं सगळं, पण शब्द सापडायचे नाहीत. आवं, पाणी, व्हय, नको, एवढे राहिले. बाकीचं ती डोळ्यांनी आणि डाव्या हातानं बोलायची.

तिला उठवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं माझ्याकडं होतं. वेणी घालायला मी साठीनंतर शिकलो. सकाळी शेजारची एक बाई तासभर तिच्याजवळ बसायची, तेवढ्या वेळात मी भाजी आणि औषधं आणायचो. आठवड्यातून दोनदा जुन्या व्हॅनमध्ये घालून तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचो. एकुलती एक मुलगी सांगलीला, विश्रामबागेत. ती कॉलेजच्या ऑफिसात, जावई बँकेत. “आप्पा, दोघंही इकडं या,” असं ती दर आठवड्याला म्हणायची. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मी म्हणायचो, “बघू.”

जबड्याचं दुखणं गेलं नाही. आठ दिवसांत मी भाकरी सोडली, मग चपाती सोडली. बायकोसाठी गुरगुट्या भात करायचो, त्यात दोन मुठी तांदूळ जास्त टाकायला लागलो. तिला भरवून झालं की पातेल्यातला उरलेला मी उभ्या उभ्या स्वयंपाकघरात खायचो. तिला दिसणार नाही असं मला वाटायचं. पण ती कुंडलची, शेतकऱ्याच्या घरातली. पातेल्यात किती शिजलंय ते तिला वासावरून कळत असावं.

शेवटी शेजारणीला बसवून दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. दाढ खरंच किडलेली होती. त्यांनी ती काढली आणि मी मोकळ्या मनानं घरी आलो. चार दिवसांनी जखम भरली, ताटात भाकरी घेतली, आणि चौथ्या घासाला जबडा पुन्हा धरला.

त्याच सुमारास कानशील दुखायला लागलं. फणी फिरवली की केसांच्या मुळाशी आग व्हायची. टोपी घालवेना. उजव्या कुशीवर झोपवेना. आरशात पाहिलं तर कानशिलावरची शीर फुगून दोरीसारखी वर आलेली, आजूबाजूला सूज. सकाळी उठताना खांदे इतके आखडलेले असायचे, की बायकोला बसती करायला दोनदा दम घ्यावा लागायचा. अंगात बारीक ताप असायचा. वजन उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

शेजारणीनं ते कानशील पाहिलं. म्हणाली, “आवं भाऊ, ह्ये काय झालंय? दावून तरी या की कुटं.”

“दावतो,” मी म्हणालो.

दाखवायला गेलोही. सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं वीसेक माणसं होती. पाऊण तास झाला, रांग पाचनं सरकली. शेजारणीला साडेदहाला शाळेत नातवाला सोडायचं असायचं. मी घड्याळ पाहिलं, रांगेतून बाहेर पडलो आणि घरी आलो.

खरं सांगायचं तर रांग हे निमित्त होतं. मला भीती होती ती डॉक्टर ‘ॲडमिट व्हा’ म्हणतील याची. मी खाटेवर पडलो तर तिला खाटेवरून उठवणार कोण? मुलीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी येणार, सामान बांधणार आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवणार. साताऱ्यात दार उघडलं की पायाखाली रस्ता होता. तेवढं एक मला सोडवत नव्हतं. मग मी गप्प बसलो. फौजेत असताना आजारी पडलोय असं सांगायला जाणाऱ्या जवानांना आम्ही हसायचो, तेही अंगात मुरलेलं होतं.

एके दिवशी तिला व्यायामाला घेऊन निघालो. पोवई नाक्याच्या अलीकडं उजव्या डोळ्यावर वरून खाली पडदा सरकल्यासारखं झालं. राखाडी, जाड. डावा डोळा मिटून पाहिला तर समोरची एसटी नाहीशी झाली. मी गाडी हळूहळू कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

पाचेक मिनिटांत पडदा वर गेला. बायको माझ्याकडं टक लावून बघत होती.

“इंजान तापलंय,” मी म्हणालो.

तिनं डावा हात लांब करून माझ्या कानशिलाला बोटं लावली. हलकेच लावली असतील, पण कळ थेट डोक्यात गेली.

“हात लावू नगंस,” मी ओरडलो.

तिनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. ती आजारी पडल्यापासून मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. गाडी सुरू केली.  

मुलीचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. मी मोबाइल तांब्याला टेकवून बायकोपुढं ठेवायचो आणि स्वतः बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा बसायचो. त्या संध्याकाळी मुलगी नेहमीसारखी बोलत होती, आई हुंकार देत होती. मधेच बायकोनं डाव्या हातानं मोबाइल उचलला. तिला तो धड पेलत नव्हता. तिनं तो माझ्याकडं वळवला आणि तसाच धरून ठेवला.

“आप्पा, किती वाळलाय तुम्ही,” मुलगी म्हणाली. “आणि डोक्याला काय झालंय?”

“काय न्हाई. दाढ काढली, त्याची सूज हाय.”

बायकोच्या तोंडून शब्द निघायला लागले. मधे मोठी मोठी थांबणी, आणि डोळ्यांतून पाणी.

“माजा… भात,” ती म्हणाली. “खात्यात. माजा… भात.”

दोन वर्षांत तिनं सलग एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मुलीला अर्थ लागला नसावा, पण आई बोलली आणि रडली, एवढं तिला पुरलं. “उद्या सकाळच्या गाडीनं येते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मला राग आला. बायकोला म्हणालो, “आता बांधा गाठोडी.”

सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेलाय असं वाटलं. पाण्याचे हबके मारले. पुसलं. पुन्हा मारले. डावा डोळा झाकला तर काळोख होता. मोरीच्या कडेवर बसून पडदा वर जायची वाट पाहिली. चहाचं पाणी उकळून आटल्याचा वास आला, तरी तो गेला नाही.

मुलगी दहाच्या आत पोचली. तिला मी तेवढंच सांगितलं, की एका डोळ्यानं दिसत नाही. तिनं दुसरं काही विचारलं नाही. फोनवर सांगलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, भाड्याची गाडी केली, आईला मागच्या सीटवर आडवी केली आणि आम्ही निघालो. कपड्यांची एक पिशवी घेतली होती. दोन दिवसांत परत येऊ असं मी शेजारणीला सांगून किल्ली दिली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. डोळ्यात बॅटरी मारून झाल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, तो दीड महिन्यात कुणी विचारला नव्हता, आणि मी कुणाला विचारू दिला नव्हता.

“बाबा, जेवताना जबडा दुखतो का?”

मी हो म्हणालो.

“आणि थांबलं की बरं वाटतं?”

“व्हय.”

त्यांनी कानशिलावर बोट ठेवलं, मी मागं सरलो. त्यांनी लगेच तपासणीसाठी रक्त घ्यायला लावलं आणि मोठ्या दवाखान्यात फोन केला. मग खुर्ची पुढं ओढून समजावून सांगितलं. डोक्याला रक्त नेणाऱ्या शिरांना आतून सूज येते, वाट अरुंद होते. जबड्याला रक्त पुरत नाही म्हणून तो दमतो. तीच सूज डोळ्याच्या शिरेत गेली.

“हा डोळा बहुतेक परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण दुसरा जाऊ शकतो, अगदी आठवड्याभरात. तो वाचवायचाय. आज, आत्ता औषध सुरू करू.”

“आधी आलो असतो तर?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “जबडा दुखत होता तेव्हा आला असतात, तर बहुतेक दोन्ही राहिले असते.”

सलाईनमधून तीन दिवस औषध गेलं. कानशिलाला छोटा छेद घेऊन शिरेचा तुकडा तपासला, आजार तोच निघाला. दुसऱ्याच दिवशी मुलीनं डब्यात भाकरी आणली. मी सगळी चावून खाल्ली. जबडा दुखला नाही. दीड महिन्याचं दुखणं एका रात्रीत गेलं होतं, आणि मला खाता खाता स्वतःचा इतका राग आला की पुढची भाकरी मागितली नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आम्ही विश्रामबागेतच आहोत. गोळ्या रोज घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालंय, साखर वाढलीय. एकदा डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, तर पंधरा दिवसांत कानशील पुन्हा दुखायला लागलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. एका डोळ्याला अंतर कळत नाही, चहा ओतताना तो कपाच्या बाहेर पडतो. गाडी चालवणं संपलं. व्हॅन कुंडलच्या मेव्हण्याला देऊन टाकली. मुलगी आणि जावई दोघंही चांगली आहेत. ती ऑफिसला जाताना सांगून जाते, “आप्पा, जिना उतरू नका.” मी नाही उतरत. दिवसभर एका खोलीत आम्ही दोघं, दोन खाटांवर.

पावसाळ्यात एका दुपारी मला राहवलं नाही. मी बायकोला म्हणालो, “तू फोन फिरवला नसतास तर आपण अजून आपल्या घरात असतो.”

खोटं होतं ते, मलाही माहीत होतं. ती बराच वेळ शब्द शोधत राहिली.

“येक,” ती म्हणाली. मग माझ्या डाव्या डोळ्याकडं बोट केलं. “येक… हाय की.”

 तिच्या खाटेवर जाऊन बसलो. व्हॅनमध्ये ओरडलो त्याची माफी मी मागितली नव्हती, ती तेव्हा रडत रडत मागितली. तिनं ‘नको’ म्हटलं. ते माफीला होतं का रडण्याला, कळलं नाही.

महिन्यातून एकदा रक्त तपासायला मी खाली जातो. जावई पुढं, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी पायानं चाचपत. तिला मात्र पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, त्यानंतर ती खाली गेलेली नाही. मी परत येतो तेव्हा ती दाराकडं बघत असते. मग मी तिला सगळं सांगतो: रस्ता पुन्हा खोदलाय, रसवंतीवाल्यानं नवीन बाकडी टाकलीत, कॉलेजची पोरं पावसात भिजत वडापाव खात उभी होती. ती ऐकते आणि आणखी काय, म्हणून हातानं विचारते. मी आठवून आठवून सांगत राहतो.