बाबांचा जबाब

सत्तरच्या दशकात मी रामदासपेठेत एका वकिलांकडे टायपिस्ट होते. जामीनअर्ज बडवून बडवून मला वाटायला लागलं होतं की कायदा आपल्याला कळतो. घरात एखाद्याचा असा समज झाला की त्या घराचं काही खरं नसतं.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्याची बस चालवायचे. पहिल्या पाळीचा कोणी कामगार मागून धावत येताना दिसला की ते बस हळू करायचे आणि तो चढेपर्यंत आरशात त्याच्याकडे पाहत राहायचे. एका सकाळी असंच पाहत असताना समोर एक सायकलवाला रस्ता ओलांडायला निघाला. जवळच्या खेड्यातला, भाजी घेऊन शहराकडे चाललेला. बस जेमतेम सरकत होती, पण तो नेमका चाकाखाली आला. मागून आलेल्या ट्रकमध्ये त्याला घालून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बाबा हॉस्पिटलकडे निघाले. वाटेतच तो गेला.

पोलिसांच्या कागदावर आलं, 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणाने'. बाबा आणि भरधाव! मला त्याही परिस्थितीत हसू आलं. वकीलसाहेबांना आलं नाही. ते म्हणाले, "वेगाचं सोड. माणूस मेलाय, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ड्रायव्हरचं लक्ष समोर होतं की नव्हतं, एवढंच कोर्ट बघेल. आरशाचं त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही ना? मग त्यांना गप्प राहायला सांग."

मी सांगितलं. जामीन झाला. अपघातानंतर नवव्या दिवशी बाबा सकाळीच घरातून निघून गेले आणि दुपारी परतले. खाप्याकडच्या आमच्या लोकांत एक रीत आहे. शेवटच्या घटकेला जो जवळ असेल त्याने तेराव्याच्या आत त्या घरी जायचं आणि माणूस कसा गेला ते घरच्यांना सांगायचं. मग तो नात्यातला असो वा नसो.

"काहून गेले होते तुम्ही?" मी विचारलं.

"त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं वं. त्याच्या घरच्याईले मी नाही सांगन त कोन सांगन?"

"अन् आरशाचं?"

"त्याच्या भावानं विचारलं, कसं झालं गा म्हणून. सांगितलं."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात, असं म्हटलं. ते ऐकत बसले. मला त्यांच्या त्या ऐकण्याचाच जास्त राग आला.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. मयताच्या भावाने साक्ष दिली. द्वेषाचा लवलेश नव्हता. "मानूस चांगला आहे," तो म्हणाला, "पन आमच्या घरी येऊन त्यानं जे सांगितलं ते मले सांगाव लागते." आणि त्याने आरशाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

आता आरोपीचा जबाब उरला होता. आठवडाभर मी बाबांकडून एकच वाक्य पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं. मी त्या घरी गेलोच नाही, साक्षीदार खोटं बोलून राहिला.

"हे मले जमनार नाही वं," ते म्हणायचे.

"मग तुम्ही जेलात गेल्यावर आईनं काय कराव?" मी म्हटलं. हे हलकट बोलणं होतं आणि ते लागू पडलं.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं तेव्हा बाबांनी फरशीकडे पाहत ते वाक्य म्हटलं. एक शब्दही चुकला नाही. मागच्या बाकावर मयताची बायको बसली होती.

निकालात आलं की साक्षीदाराला खोटं बोलायचं काही कारण दिसत नाही. सहा महिने. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. नोकरी आधीच गेली होती, मग लायसन्सही गेलं. मी टाईप करायचे त्या अर्जांत असल्या घराचं पुढे काय होतं ते कधी लिहिलेलं नसायचं.

सुटून आल्यावर बाबा फारसे बोलेनासे झाले. एकदा आई देवळात गेली असताना मी विचारलं, जेलात फार त्रास झाला का.

"जेलाचं काही नाही. मानूस मेला माह्या हातून, भोगलं." मग म्हणाले, "पन त्या दिवशी त्याईच्या घरून निंगालो त ती बाई म्हणे, भाऊ, उपाशी नोका जाऊ. तिनं मले जेवू घातलं वं. नवऱ्याच्या दिवसात. अन् तिच्यासमोर मी म्हटलं, मी त्या घरी गेलोच नाही. आता कोन्या तोंडानं जाऊ तिच्याकडे?"

ते वाक्य माझं होतं. हे त्यांनी मरेपर्यंत एकदाही बोलून दाखवलं नाही.